नववी पहाट

"दाब ना बेल," मानांग म्हणाली.

"तू दाब. मिस्सा तुला हवीय."

"माझे हातमोजे ओले आहेत."

हातमोज्यांचा आणि बेलचा काय संबंध, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता. पहाटेचे पाच वाजून गेले होते. गुडघाभर बर्फ पडलं होतं. ऑस्ट्रियातल्या डोंगरांमधलं ते गाव, ज्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही, अजून गाढ झोपलेलं होतं आणि तिथल्या फादरच्या दारात आम्ही दोघी फिलिपिनो बायका नाकं पुसत उभ्या होतो. शेजारी चर्च, त्याला भलंमोठं कुलूप. तारीख चोवीस डिसेंबर.

मानांग म्हणजे लेओनिला दाकानाय, वय एकसष्ट. आमच्या इलोकोस भागात थोरल्या बहिणीला मानांग म्हणतात. ती माझी सख्खी नव्हे. पण मिलानमधल्या चौदा वर्षांत सख्खी बहीण जे जे करते ते सगळं, टोमण्यांसकट, तिनं केलं. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याच घरी राहून सांभाळायचं, हे तिचं काम. मी, बिंग, गावी शाळामास्तरीण होते, इथं ऑफिसं झाडते. गुरुवारची दुपार आणि रविवार एवढी आमची सुटी, आणि ती आम्ही एकमेकींच्या डोक्याशी कटकट करण्यात घालवायचो. मला नवरा नाही, मूल नाही. गावी भाऊ आहे, तो वाढदिवसाला फोन करतो, तोही बायकोनं आठवण करून दिली तर.

आता त्या मिस्सांचं, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधींचं, सांगते. आमच्याकडे सोळा ते चोवीस डिसेंबर, नऊ दिवस, कोंबडा आरवायच्या आत मिस्सा असते. चारला घंटा होते, सगळी गल्ली डोळे चोळत उठते. जो नऊच्या नऊ करतो त्याचं मागणं देव ऐकतो, अशी पक्की समजूत. मानांगनं इटलीत आल्या आल्या देवाशी सौदा केला होता: ज्या वर्षी नऊ पुऱ्या होतील, त्या वर्षी मी कायमची घरी जाईन.

तेवीस वर्षं झाली, नऊ काही पुऱ्या होईनात. पहाट म्हणजे तर म्हाताऱ्यांची कूस बदलायची, कपडे बदलायची, गोळी द्यायची वेळ. कुठल्या तरी सिन्योरेला, म्हणजे मालकीणबाईला, नेमका सहाव्या दिवशी ताप यायचा, नाहीतर आठव्या दिवशी घरात पाहुणे उतरायचे. मिलानमधल्या आमच्या लोकांनी यावर तोड काढली होती, कामं आटोपल्यावर संध्याकाळी मिस्सा. मानांगला ते मंजूर नव्हतं.

"संध्याकाळी कोंबडा आरवतो का?" ती विचारायची.

"मिलानमध्ये पहाटेही आरवत नाही."

"म्हणून काय आपण पण लाज सोडायची?"

एकदा, मी येण्याआधी, तिच्या नऊ भरल्याही होत्या. आनंदानं पेढे वाटावेत तसा तिनं पार्कात सगळ्यांना केक वाटला. मग आमच्या बायकांची पंचायत बसली. त्यांनी बोटांवर मोजलं आणि निघालं की बाईंनी पहिली मिस्सा पंधरा तारखेच्या संध्याकाळी धरलीय, कारण तेव्हा गावाकडे सोळाची पहाट होत होती. "घड्याळ तिकडचं आणि गुडघे इकडचे, असं चालत नाही," पंचायतीनं निकाल दिला. केक मात्र संपवला. मानांगनं निकाल मान्य केला. ती सगळ्यांचंच सगळं मान्य करत आली होती. "असू दे" हा तिचा आवडता शब्द.

या वर्षी तिच्या सिन्योरेला मुलानं सुटीसाठी तुरिनला नेलं, थेट सहा जानेवारीपर्यंत. मानांग पहिल्यांदाच डिसेंबरात मोकळी. मी म्हटलं, तेवीस वर्षं युरोपात राहून तू बघितलंस काय, तर लोकांची न्हाणीघरं! चल, नाताळ फिरून करू. वेरोना, इन्सब्रुक, साल्झबुर्ग. ती तयार झाली, एका अटीवर.

"रोज पहाटे मिस्सा."

"अगं, सहलीला जातोय ना आपण?"

"इथं सूर्य आठला उगवतो. देवानं एवढी सवलत दिलीय, तर आपण सातला उठायला काय जातंय?"

तर अशा आमच्या मिस्सा सुरू झाल्या. तीन मिलानमध्ये, दोन वेरोनात, तीन इन्सब्रुकमध्ये. ऑस्ट्रियात तर नाताळच्या आधी मेणबत्त्यांच्या उजेडात पहाटेची मिस्सा करायची यांचीच जुनी रीत निघाली. मानांग इतकी खूश झाली की तिनं शेजारच्या अनोळखी बाईचे गालच धरले. मला मात्र दिवसागणिक धास्ती वाटायला लागली. तिच्या मुलांची शिक्षणं झाली होती, नातवंडं झाली होती, तिला आडकाठी उरली होती ती फक्त या नऊची. आणि नऊ जवळ येत चालल्या होत्या. खोटं कशाला बोलू, तेवीस तारखेला दुपारी साल्झबुर्गची आगगाडी बर्फामुळे मध्येच या गावात अडकली, पुढचा मार्ग सकाळी साफ होईल असं सांगून आम्हाला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये झोपायला गाद्या दिल्या, तेव्हा मला आनंद झाला. वाईट वाटल्याचा चेहरा केला, पण आनंद झाला.

आणि आता मीच इथं बेल दाबत होते, कारण जर्मन आम्हा दोघींनाही येत नव्हतं आणि तिचं इंग्रजी चौथीतच थांबलं होतं.

दार उघडलं. चांगला उंचापुरा आफ्रिकन माणूस, पायजम्यावर जाकीट, पायात लोकरी मोजे. फादर ओबिन्ना, नायजेरियाचे. तीन गावांची चर्च एकटेच बघायचे, हे आम्हाला गावातल्या बेकरीवालीनं आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. आज मिस्सा दुपारी चार वाजता आणि मग रात्री अकराला, पहाटे नाही, हेही तिनंच सांगितलं होतं.

"कोण गेलं?" फादरनी इंग्रजीत विचारलं.

"कुणी नाही, फादर. सगळे जिवंत आहेत. आम्हाला मिस्सा हवी होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "बाई, मला आज तीन गावांत चार मिस्सा आहेत. मी एक वाजता अंथरुणाला पाठ टेकली. चारला या. लहान मुलांची मिस्सा असते, मेंढ्यासुद्धा आणतात."

"काय म्हणाले?" मानांगनं विचारलं.

मला फक्त "नाही म्हणाले" एवढंच बोलायचं होतं. खोटंही झालं नसतं. नऊ पुऱ्या झाल्या नसत्या, पुढच्या गुरुवारी दुपारी ती पुन्हा माझ्यासमोर बसली असती, माझ्या डब्यात मीठ कमी म्हणून नाक मुरडलं असतं. मी तोंड उघडलंही.

पण तिनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मिस्सेला जायचं म्हणून त्या थंडीत हॉलमधल्या आरशासमोर तिनं ओठांना लाली लावली होती. "नाही म्हणाले ना? असू दे," ती म्हणाली. "झोपेतून उठवलं बिचाऱ्यांना. सॉरी म्हण, बिंग. चल."

ती वळलीदेखील. आणि माझं डोकंच फिरलं. तेवीस वर्षं ही बाई असंच वळत आली. कुणाला ताप आला, असू दे. कुणाचे पाहुणे आले, असू दे. पंचायतीनं केक खाऊन नऊ रद्द केल्या, असू दे. आणि मी तिची मैत्रीण म्हणवणारी, आत्ता तिच्या त्या "असू दे"वर स्वतःची पोळी भाजून घेणार होते. मला माझीच शरम वाटली.

"फादर, दार लावू नका," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच होता, शाळेत पोरांवर चढायचा तसा. "मी सांगते ते ऐका, मग लावा. ही बाई तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या आयांची ढुंगणं धुतेय. रोज पहाटे. तिच्या स्वतःच्या आईला पोचवायला तिला जाता आलं नाही. नऊ मिस्सा झाल्या की घरी जाईन, एवढंच तिनं देवाकडे मागितलंय. आठ झाल्यात. नववी तुमच्या दारात उभी आहे. दमलात, कबूल. पण दमल्याचं हिला सांगू नका, हिच्याएवढं कुणी दमलेलं नाही!"

मानांगला एक अक्षर कळलं नाही, पण ती माझी बाही ओढत राहिली. "अगं, फादर आहेत ते! हळू बोल!"

फादरनी अर्धवट लावलेलं दार पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "मला इथं सहा वर्षं झाली. मिस्सा जरा लवकर आटपा, हे सांगायला पुष्कळ लोक येतात. मिस्सा करा म्हणून पहाटे पाचला दार वाजवणारं आजवर कुणी आलं नाही." त्यांनी मानांगकडे बघून मान वाकवली. "माझी आई आली असती. थांबा, किल्ल्या आणतो."

चर्चमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. फादरनी पायजम्यावरच झगा चढवला, खाली बर्फातले बूट. मानांगनं मेणबत्त्या लावल्या. मग ती उभी राहून छताकडे बघायला लागली.

"आता काय?" मी विचारलं.

"घंटा? घंटेशिवाय कसली पहाटेची मिस्सा? विचार त्यांना."

काही क्षणांपूर्वी "असू दे" म्हणणारी बाई ती हीच. मी विचारलं. फादर हसले, भिंतीवरचं एक बटण दाबलं आणि वर घंटा घणघणायला लागली. त्या शांत दरीत तिचा आवाज केवढा मोठा होतो, हे आम्हाला कळायला जरा उशीर झाला. डोंगरातल्या गावात अवेळी घंटा झाली म्हणजे एक तर आग, नाहीतर कडा कोसळला. पाच मिनिटांत अग्निशमन दलाचे दहाबारा जण शिरस्त्राणं घालून, कुदळी-फावडी घेऊन चर्चच्या दारात धापा टाकत उभे. त्यांच्यामागे झोपायच्या कपड्यांवर कोट चढवलेलं अर्धं गाव. बेकरीवाली, तिच्या कोपरापर्यंत पीठ. आमच्या गाडीतले अडकलेले प्रवासी. एक आजोबा मांजर उराशी धरून.

"कुठं लागलीय?" पुढचा माणूस ओरडला.

फादर ओबिन्ना वेदीपाशी हात पसरून उभे होते. ते जर्मनमध्ये काही बोलले. शेजारच्या प्रवाशानं मला सांगितलं ते असं: "आग लागलेली नाही. ही बाई घरी चाललीय. आत आलाच आहात, तर बसा. आणि दार लावा."

कुणीतरी खुदकन हसलं. मग एकेकानं शिरस्त्राण काढलं आणि ती सगळी फौज बाकांवर बसली. मी एवढ्या मिस्सा ऐकल्या, पण आगीच्या बंबावरचे लोक फावडी मांडीवर घेऊन प्रार्थना करताहेत, अशी ती एकच. शेवटी फादरनी मानांगला खुणेनं पुढं बोलावलं. तिनं आमच्या इलोको भाषेतलं नाताळचं गाणं म्हटलं, एकटीनं, सुरात कमी आणि जोरात जास्त. दुसऱ्या कडव्याला त्या लोकांनी ठेका धरला. तिसऱ्याला मी रडत होते, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

बाहेर आलो तर बेकरीवालीनं गरम पावांची टोपलीच आणून ठेवली होती. आमच्याकडे मिस्सेनंतर चर्चच्या दारात केळीच्या पानावर भाजलेला तांदळाचा केक खातात. मानांगनं पाव तोडला, वाफ नाकात घेतली आणि म्हणाली, "तांदळाचा नाही. पण पास."

गाडी साल्झबुर्गला दुपारी पोचली. शहर बघून झालं आणि आम्ही परतीच्या गाडीत बसलो, तेव्हा पाच वाजायला आले होते. म्हणजे गावी मध्यरात्र, नाताळचं जेवण. बरोबर पाचला तिचा फोन वाजला. पडद्यावर तिची मुलगी रोवेना, जावई, मुलगा, नातवंडं, टेबलावरचं हॅम, मागे कुणीतरी फोडत असलेले फटाके. सगळे गप्प होऊन वाट बघत होते.

"ममा?" रोवेनानं विचारलं. "किती?"

 मानांगनं फोन माझ्या हातात दिला, दोन्ही हात वर केले आणि एक अंगठा मिटला.

फोनमधून असा काही कल्लोळ उठला की डब्यातली माणसं उठून बघायला लागली. मग त्यांनाही काही न कळताच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. "मार्चमध्ये," मानांग ओरडून सांगत होती, "मार्चमध्ये येतेय! माझी खोली रिकामी करा! सायकली काढा तिथून!"

फोन बंद झाल्यावर तिनं बुटांच्या नाड्या सोडल्या.

"गाडी अडकली तेव्हा तुझा चेहरा बघितला होता मी," ती म्हणाली. "किती खूश झालीस गं."

 "मग बेल दाबायला मलाच का सांगितलंस?"

"मग कुणाला सांगणार होते?"

थोड्या वेळानं तिनं मला कोपरानं ढोसलं. "तुझ्या पण नऊ झाल्या. मोजल्यास का? माग काहीतरी."

मी खरंच मोजल्या नव्हत्या. "मागायचं ते तर तूच घेऊन चाललीस," मी म्हणाले. तिनं माझा हात हातात घेतला आणि नातवंडांची नावं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सांगायला लागली. तिसऱ्या नातवावर तिचा आवाज बारीक झाला.

ती झोपली. बूट काढून, पाय समोरच्या बाकावर पसरून, तोंड उघडं टाकून, चक्क घोरत. चौदा वर्षांत मी तिला इतकी निर्धास्त झोपलेली बघितलीच नव्हती. तिकीट तपासनीस आला. तिचे पाय बाकावर बघून त्यानं कपाळाला आठी घातली आणि तिला उठवायला हात पुढे केला.

मी दोन्ही तिकिटं पुढे धरली. "उठवू नका," मी म्हणाले. "बाई आज कामावरून सुटल्यात."

त्यानं तिच्याकडे बघितलं, टोपीला हात लावला आणि डब्याचं दार आवाज न करता ओढून घेतलं.