निळ्या टोपीचं गाव

दुपारच्या शांततेत टक् असा आवाज झाला आणि गेमचा कन्सोल पुन्हा आपला आपण बंद पडला. आठवड्यातली तिसरी वेळ. ठमी रडली नाही, नुसतं आईकडे बघत राहिली. आईला तेच जास्त लागलं.

आई कपडे दुरुस्त करून द्यायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. कन्सोलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण त्याच्या पोटात एक गाव होतं, ठमीने आजोबांबरोबर वसवलेलं, आणि त्या गावात तळ्याकाठी निळी टोपी घालून आजोबा गळ टाकून बसलेले होते. खरे आजोबा, म्हणजे आईचे वडील, जाऊन वर्ष होत आलं होतं.

कन्सोल गेला की गाव गेलं. नक्कल काढायची सोय कंपनीने ठेवली नव्हती; त्यासाठी कन्सोलमध्येच थोडा बदल करावा लागतो, आणि एक पायरी चुकली तर त्याचा नुसता ठोकळा होतो, पुन्हा चालूच होत नाही, हे दिराने फोनवर सांगितलं.

"नेटवर सांगणारे ढिगाने आहेत. कुणाचंही ऐका, वहिनी."

"कुणाचंही कसं ऐकू, भावोजी? मी कुठल्याही मापाने पँट कापते का?"

"मग माझी दर वेळी घट्ट कशी होते?"

"तुम्ही श्वास रोखून माप देता म्हणून."

पहिला व्हिडिओवाला पाच मिनिटांत सगळं करून देत होता, पण त्याचा कन्सोल निराळ्याच मॉडेलचा निघाला. दुसऱ्याने पायऱ्या छान सांगितल्या. बिघडलं तर काय, यावर मात्र अळीमिळी गुपचिळी. तिसरं नुसतंच लांबलचक लिखाण, गेल्याच महिन्यातलं. लिहिणाऱ्याने सुरुवातीलाच कबूल केलं होतं, की चौथ्या पायरीला घाई करून त्याने स्वतःचा एक कन्सोल घालवला. मग केलेला बदल परत कसा काढायचा ते आधी, आणि करायचा कसा ते नंतर.

वाचता वाचता तिला हसू आलं. आधी उसवून बघ, आत कापड किती आहे ते कळू दे, मग कात्री उचल. वडिलांनी तिला शिवणकाम असंच शिकवलं होतं.

पायऱ्या वहीत उतरल्या. ठमी एकेक मोठ्याने वाचू लागली, आई तसतसं करू लागली. चौथ्या पायरीला पडद्यावरची पट्टी भरेपर्यंत कशालाही हात लावायचा नव्हता. म्हणून ठमीने आईचे हात धरून ठेवले आणि आईने ठमीचे. आईच्या नाकाला नेमकी तेव्हाच खाज सुटली. ठमीने आपल्या कपाळाने खाजवून दिलं.

पट्टी भरली. थोड्या वेळाने पडद्यावर दोन गावं दिसू लागली, एक कन्सोलमधलं आणि एक मेमरी कार्डावर उतरवलेलं. ठमीने दोन्ही उघडून बघितली. दोन्हीकडे तळं, दोन्हीकडे निळी टोपी. ती खुदकन हसली, तिने टाळ्या पिटल्या, आणि मग एका टोपीवरचं बोट दुसऱ्या टोपीवर नेलं.

"आई, मी या गावात खेळत असले, की त्या गावातले आजोबा कुणाची वाट बघत बसतील गं?"