डाव्या काठावरची नळी

मी एक लोखंडी नळी बोलतेय. वीतभर लांबीची, तोंडाशी जरा पसरट, बुडाशी बंद. मला पाहून कुणी थांबावं असं माझ्यात काही नाही. तरी घोड नदीच्या डोहावर मला न ओळखणारा माणूस सापडणार नाही. ही बढाई मी मुद्दाम मारतेय.

जुन्नरच्या एका लोहाराच्या भात्यासमोर माझा जन्म झाला. टांग्यावर चाबूक उभा ठेवण्यासाठी मला घडवलं. राजमहंमदचा टांगा घोडेगावहून मंचरला जाई. मी उजवीकडे, त्याच्या हाताशी असे. उतारू चढताना मलाच धरायचे आणि नंतर, वंगण लागलं म्हणून, माझ्याकडे रागानं बघायचे.

मग एस.टी. आली. टांग्याची चाकं विकली गेली, घोडी मेव्हण्याकडे गेली. मला राजमहंमदनं घरात खिळ्याला अडकवून ठेवलं. लोंबकळत राहण्यासाठी मी घडले नव्हते, पण माझं कोण ऐकतं?

त्याच हिवाळ्यात ठकूबाई आली. ती नावेतून गळ टाकून मासे धरायची. तिचे मासे बाजाराला त्याच टांग्यातून जात, म्हणून ओळख जुनी. हिरडा झोडताना ती झाडावरून पडली, तेव्हापासून तिचा डावा हात लुळा होता. उजव्या हातानं वल्हं मारायचं, तर गळाची काठी कोण धरणार? तिनं नावेच्या काठावर काठी अडकवायला लाकडाचं बेळकं ठोकलं होतं. तेही एका शिवड्यानं, म्हणजे मोठ्या मिशाळ माशानं, काठीसकट मोडून नेलं.

ती नाव तिच्या नवऱ्यानं आणि दिरानं मिळून बांधलेली. नवरा वारल्यावर दीर गेणभाऊ म्हणू लागला, "एका हाताची बाई नाव काय चालवणार?" भावकीनं होळीपर्यंत मुदत दिली. तोवर तिनं एकटीनं नाव सांभाळून गळ टाकून दाखवायचा, नाहीतर नाव गेणभाऊची.

राजमहंमदनं मला खिळ्यावरून काढलं. "आक्का, ही न्या. न्हाईतरी हितं नुसती लोंबतीया."

तो स्वतःच मला बसवायला आला आणि चुकला. टांग्याच्या सवयीनं त्यानं मला उजवीकडे ठोकलं, तेही नुसत्या खिळ्यांनी. ठकूबाईचं वल्हं दर खेपेला माझ्यावर आपटे. पहिला मासा लागला आणि खिळ्यांसकट उपटून मी नावेत पडले.

गेणभाऊ काठावर बसलेलाच होता. "राजूभाई, टांगा तर बुडवलास. आता नाव बुडिव."

राजमहंमद मान खाली घालून खिळे गोळा करू लागला. ठकूबाई म्हणाली, "भाई, ह्या अंगाला माजा हात हाये. जिकडं न्हाई, तिकडं बसवा."

मग त्यानं डावीकडे नावेची आतली जाड फासळी गाठली. सामत्यानं आरपार भोकं पाडली, बोल्ट घातले, मला बाहेरच्या अंगाला जरा कलती ठेवली. काठीचा बुडखा माझ्यात बसेल असा तासला. शेवटचा पीळ देताना फासळी करकरली. मी मनाशी म्हटलं, आता मला उपटायची असेल तर नाव फाडावी लागेल.

होळीच्या आधी भावकीतला म्हातारा हौशीराम आणि गेणभाऊ काठावर येऊन बसले. ठकूबाईनं एकटीनं नाव डोहात नेली. बराच वेळ काही हललं नाही. गेणभाऊनं जांभई दिली.

तेवढ्यात शिवडा लागला. काठी पाण्याला टेकली, माझं तोंड पिळवटलं, नाव एका अंगाला कलली. मासा डावीकडे ओढत होता. ठकूबाईनं उजवीकडून वल्हं हाणलं, तशी नाव वळून माशाकडे तोंड करून सरळ झाली.

"वैनी, काठी सोडा," गेणभाऊ उठून उभा राहिला. "नाव उलटंल."

"काठी म्या कुटं धरलीया, भावजी? धरणारी दुसरीच हाये."

तिनं पुन्हा वल्हं हाणलं. मी सोडलं नाही. शेवटी दोरीच तुटली.

ठकूबाई नाव काठाला घेऊन आली. काठी माझ्यात जशीच्या तशी होती.

"गेला की मासा," गेणभाऊ म्हणाला.

"मासा गेला. नाव हितंच हाये."

हौशीरामानं धोतर झटकलं. "ऊठ गेणू. चल घरी. आपलं काय काम न्हाई हितं."

आता माझ्यावर गंज चढलाय आणि पिळवटलेलं तोंड तसंच आहे. येणारे-जाणारे ठकूबाईला सांगतात, ही काढून नवी बसव. बसवा की, मी रडणार नाही. मात्र मी आपणहून निघणार नाही. ज्याला काढायची त्यानं घाम गाळावा. आणि मला काढलंत तरी जागा हीच ठेवा, डावीकडची. तिथली भोकं बुजवू नका.