आखूड पायाची साक्ष

बसा. उभ्या माणसाशी मला बोलता येत नाही. माझा जन्मच बसवून घेण्यासाठी झाला आहे. मी बॅरिस्टर रेवणसिद्ध मेंगाणे यांच्या कचेरीतली पक्षकारांची खुर्ची. जरा डावीकडे कलून बसलात तर मी 'टक' असा आवाज करीन. घाबरू नका, मी मोडत नाहीये. माझा मागचा एक पाय आखूड आहे आणि त्या पायावरच माझं नाव झालं आहे.

शुक्रवार पेठेतल्या धुळाप्पा सुताराने मला सागवानातून घडवलं. तीन पाय त्याने मापून कापले. चौथा कापताना शेजाऱ्याशी गप्पा चालू होत्या. चूक ध्यानात आल्यावर तो म्हणाला, "बॅरिस्टर विलायतेत होते की. तितल्या खुर्च्या अशाच असत्यात म्हनून सांगू." सांगितलंही. बॅरिस्टर हसले आणि मला ठेवून घेतलं. विलायतेतून ते काय काय शिकून आले होते, पण खोटं ऐकून न चिडणं ही त्यातली सर्वांत कामाची विद्या होती.

विलायतेतून त्यांनी बॅरिस्टरने कोर्टात घालायचा केसांचा एक टोपही आणला होता. सोलापूरच्या उन्हात तो घालण्याची सोय नव्हती, म्हणून तो पत्र्याच्या डब्यात राहिला. एकदा साफसफाई करताना दाक्षायणीबाईंनी डबा उघडला आणि आत घूस समजून नवऱ्याच्या मानचिन्हाला केरसुणीने बदडलं. त्यानंतर त्या टोपाचा विषय घरात निघाला नाही.

मुंबईत राहिले असते तर बॅरिस्टरांच्या दाराशी मोटारी लागल्या असत्या. पण ते गावी परतले आणि मजुरांचे खटले घेऊ लागले. तेव्हा मजुरांसाठी कायदाच जवळजवळ नव्हता, त्यामुळे खटले हरण्याचा त्यांना चांगला सराव झाला. पुढे कामावर जायबंदी झालेल्यांना भरपाई देणारा कायदा आला. बाकीच्या वकिलांनी तो चाळून कपाटात ठेवला, बॅरिस्टरांनी पाठ केला. मग ते गिरण्यांच्या दारात जाऊन उभे राहू लागले. कुठला पट्टा कशावर चढतो, कुठलं चाक कुणाच्या अंगाशी येतं, हे मजुरांना विचारून घेऊ लागले. पेठेतले शहाणे म्हणत, "शिकून शिकून मजुरांचा वकील झाला." बॅरिस्टर म्हणत, "मालकांना वकील मिळतात. मजुरांना मिळेपर्यंत मी आहे."

त्यांचा एक नियम होता. आलेला माणूस माझ्यावर बसल्याशिवाय ते त्याचं ऐकत नसत. मजूर भिंतीशी उकिडवा बसायचा. बॅरिस्टर म्हणायचे, "माझ्यासमोर खुर्चीत बसता येत नाही, तर भरपाई ठरवणाऱ्या कमिशनरसमोर उभं कसं राहता येईल?" मग तो बसायचा, आणि माझं काम सुरू व्हायचं. खरं बोलणारा माणूस एकदा बसला की स्थिर राहतो. रचून आणलेलं बोलणारा तेवढ्याच जागी वजन इकडून तिकडे करतो, आणि मी 'टक' करते. बॅरिस्टर मान वर न करता म्हणायचे, "हे पुन्हा सांगा." त्यांचे कारकून बाळासो मला पाचर मारायला निघाले होते, तेव्हा बॅरिस्टरांनी हातोडी काढून घेतली. "बाळासो, कचेरीत आपण तिघं काम करतो. त्यातलं कायम शुद्धीवर असणारं एकच आहे."

आता चन्नप्पाचं सांगते.

चन्नप्पा अक्कलकोटकडचा, गिरणीत मागावर काम करणारा. त्याचा डावा हात कोपरापासून गेला होता. त्याची बायको चंद्रव्वा बरोबर आली होती. ती त्याला खुर्चीत बसू देईना.

"आमी खालीच बसतो की साहेब. कुर्ची मळंल."

"मळू द्या. पुसायला बाळासो आहेत."

बाळासोंनी दाराकडे पाहिलं. चन्नप्पा बसला. हललाच नाही.

घडलं होतं ते असं. मागावरचा पट्टा वरच्या फिरत्या चाकावरून निसटला. गिरणीचा नियम होता की अशा वेळी कुणी पट्ट्याला हात लावायचा नाही. तेलवाल्याला बोलवायचं, तो यंत्र थांबवून पट्टा चढवील. पण यंत्र थांबलं की माल थांबतो आणि जॉबरला, म्हणजे मागांवरच्या मुकादमाला, बोलणी बसतात. जॉबर होता ईरप्पा, तोही कानडी मुलखातलाच. तो ओरडला आणि चन्नप्पाने फिरत्या चाकावर पट्टा चढवायला हात घातला.

"काय ओरडला?" बॅरिस्टरांनी विचारलं.

"'पट्टा हाक' म्हनले. मी हाकायला गेलो."

कानडीत 'हाक' म्हणजे घाल, चढव, मांड. बॅरिस्टरांच्या घरची भाषा तीच, त्यांना सांगावं लागलं नाही. पण गिरणीचं म्हणणं निराळं होतं. ईरप्पा मराठीत ओरडला होता, 'पट्टा सुटलाय, तेलवाल्याला हाक मार'. मागांच्या खडखडाटात सगळ्यांना 'पट्टा' आणि 'हाक' एवढंच ऐकू आलं. म्हणजे जॉबरने नियम पाळायला सांगितला आणि चन्नप्पाने आपल्या मस्तीत तो मोडला. मुद्दाम नियम मोडणाऱ्याला भरपाई नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं. एका शब्दावर माणसाचा हात लटकला होता. चंद्रव्वा म्हणाली, "पैसं ऱ्हाऊ द्या साहेब. पन हेनी मस्तीनं हात घालवला म्हनून कागदावर लिवलं, तर जलमभर हेच ऐकायचं का आमी?"

बॅरिस्टरांनी वकीलपत्र घेतलं. रात्री दाक्षायणीबाईंनी विचारलं, "आपल्या घरची भाषाच कानडी. तुम्हीच सांगा की कोर्टात."

"वकिलाला साक्ष देता येत नाही."

"मग कोण देणार?"

बॅरिस्टर मला डुलवत बसले होते. टक, टक. "ईरप्पा देईल," ते म्हणाले. "त्याला कानडीत ओरडायला लावायचंय, एवढंच."

सुनावणीच्या दिवशी बाळासो मला डोक्यावर घेऊन भर बाजारातून कोर्टात गेले. वाटेत कुणीतरी विचारलं, "का वो बाळासो, लिलाव का?" बाळासो म्हणाले, "न्हाय, हिची साक्ष हाय." लोक हसले. बाळासो आयुष्यात विनोद करीत नसत, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

चन्नप्पाला अशक्तपणा होता. बॅरिस्टरांनी त्याला बसू देण्याची परवानगी मागितली. खुर्ची आम्हीच आणली आहे म्हटल्यावर नाही म्हणायला कमिशनरसाहेबांना कारण उरलं नाही. बॅरिस्टरांनी मला स्वतः मांडलं. शहाबादी फरशी जिथे सर्वांत उंचसखल होती, नेमकी तिथे, साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून हाताच्या अंतरावर. मग चन्नप्पाच्या कानात म्हणाले, "मांडी हलवत राहा."

ईरप्पा पिंजऱ्यात उभा राहिला. धिप्पाड माणूस, आवाज दगडी भिंतीला लागून परत येणारा.

"गिरणीच्या खात्यात कोणत्या भाषेत बोलता?" बॅरिस्टरांनी विचारलं.

"मराठीत. मिलचा तसा नियमच हाय."

"घाई असली तरी?"

"तरी मराठीतच."

"कधी चुकून कानडी?"

"घरात बायकोशी. मिलमदी न्हाय."

गिरणीचे पुण्याचे वकील समाधानाने पगडी सारखी करीत होते. "साहेब, हाक म्हणजे हाक. शाळकरी पोरालाही कळेल."

बॅरिस्टरांनी वाद घातला नाही. ते निरर्थक प्रश्न विचारू लागले. मागांच्या ओळी किती, दिवे कुठे, पाणी प्यायची जागा कुठे. कमिशनरसाहेबांना जांभई आली. आणि खाली मी माझं काम करीत होते. टक. टक. टक.

जॉबर कसा घडतो ते तुम्हाला ठाऊक नसेल. शेकडो माग एकदम धडधडत असतात आणि त्यातल्या एकाचा ठोका चुकला की जॉबर तिकडे धावतो. ईरप्पाचं सारं आयुष्य त्या कानावर चाललं होतं. माझा ठोका तर सारखाच चुकत होता. तो एक उत्तर द्यायचा आणि माझ्याकडे पाहायचा. दुसरं उत्तर देताना त्याच्या कपाळाची शीर उडू लागली. तिसरं त्याने अर्ध्यात सोडलं, दाराशी उभ्या असलेल्या सिद्धप्पा शिपायाकडे वळला, आणि खात्यात ओरडावं तसा ओरडला,

"एय, आ कुर्ची इल्ली हाक!"

चन्नप्पा उठला. सिद्धप्पाने मला उचललं आणि सपाट फरशीवर मांडलं. टकटक थांबली. त्यानंतर कोर्टात जी शांतता झाली ती ईरप्पाला सर्वांत शेवटी ऐकू आली.

"सिद्धप्पा," बॅरिस्टर हळूच म्हणाले, "यांनी तुला काय सांगितलं?"

"कुर्ची हितं मांड म्हनले की."

"हाक म्हणाले ना? मग तू खुर्चीला हाक का मारली नाहीस?"

"कुर्चीला कोन हाक मारतंय साहेब? ती काय चालत येती व्हय?"

पुण्याचे वकील उठले. "हरकत आहे. शिपाई साक्षीदार नाही."

"शिपाई नाही," कमिशनरसाहेब म्हणाले. त्यांची जांभई गेली होती. "पण ईरप्पा आहेत, आणि त्यांचं आम्ही ऐकलं. खुर्ची कुठे गेली तेही पाहिलं."

बॅरिस्टर ईरप्पाकडे वळले. "एकच विचारतो. त्या दिवशी पट्ट्याची घाई जास्त होती, की आज खुर्चीची?"

ईरप्पाने कठडा धरला. त्याने चन्नप्पाच्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं.

"पट्ट्याची," तो म्हणाला.

निकालात लिहिलं गेलं की चन्नप्पाने जॉबरच्या हुकमावरून हात घातला. मस्तीचं नाव नव्हतं. भरपाईतून चंद्रव्वाने म्हशी घेतल्या. धारा ती काढायची, आणि चन्नप्पा घरोघर रतीब घालायचा. बॅरिस्टरांच्या दुधात पाणी इतरांपेक्षा कमी असायचं. ही गोष्ट दाक्षायणीबाई पेठेत अभिमानाने सांगत.

वर्षं गेली. मजुरांचे कायदे जाड होत गेले आणि बॅरिस्टर बारीक होत गेले. गिरण्यांनी त्यांना आपल्याकडे ओढायचे पुष्कळ प्रयत्न केले. एका मालकाचा माणूस तर माझ्यावर बसूनच "आम्हालाही न्यायच हवा आहे" म्हणाला. मी असा टक केला की तो दचकून उठला.

आणि गेल्या महिन्यात एके सकाळी ईरप्पा दारात आला. डाव्या डोळ्यावर पट्टी होती. त्या साक्षीनंतर गिरणीने त्याचं जॉबरपण काढून त्याला पुन्हा मागावर बसवलं होतं. तिथे मागावरून सूत वाहून नेणारा टोकदार धोटा उडाला आणि त्याचा डोळा गेला. आता गिरणी म्हणत होती की धोटा अडवणारी जाळी त्यानेच काढून ठेवली होती. मुद्दाम केलं, म्हणून भरपाई नाही. कायद्यातलं तेच कलम.

तेवढ्यात चन्नप्पा दुधाची चरवी घेऊन पायरी चढला. दोघांनी एकमेकांना पाहिलं.

"काय जॉबर," चन्नप्पा म्हणाला, "आज कुनाला हाक मारायला आलाव?"

"तुलाच मारायची होती," ईरप्पा म्हणाला. "तवाच मारायला पायजे होती. थांब म्हनून."

चन्नप्पाने चरवी खाली ठेवली. तो गेला नाही.

ईरप्पा भिंतीशी उकिडवा बसायला लागला. बॅरिस्टर म्हणाले, "ईरप्पा, कुर्ची हाक." त्याने मान खाली घालून मला ओढलं आणि बसला.

"जाळी तुम्ही काढलीत?"

"न्हाय साहेब. त्या मागाला जाळी कदी लावलीच न्हवती."

बॅरिस्टर थांबले. बाळासो थांबले. चन्नप्पाही थांबला. आता बॅरिस्टरांचे कान मंद झाले आहेत, म्हणून ते पुढे वाकले होते. मी ऐकवण्यासारखं काही केलं नाही. ते भारी शरीर माझ्यावर दगडासारखं स्थिर होतं.

"बाळासो," बॅरिस्टर म्हणाले, "वकीलपत्र आणा."

आज सुनावणी आहे. बॅरिस्टरांच्या हाताखालचे नवे वकील म्हणतात की ही खुर्ची कोर्टात शोभत नाही, निदान पाय तरी सारखा करून घ्या. त्यांना तेवढं सांगा. मला पॉलिश नको, नवा वेत नको. पण माझ्या पायाला कुणी पाचर मारू नका. मी सपाट झाले तर कुणीही काहीही बोलून उठून जाईल.

बाळासोंना आता डोक्यावर ओझं झेपत नाही. आत्ता दोघं मला न्यायला आले आहेत. चन्नप्पाने आपल्या एका हाताने एक बाजू धरली आहे, दुसरी ईरप्पाने. ईरप्पाला डावीकडचं दिसत नाही, म्हणून चन्नप्पा त्याच्या डावीकडून चालणार आहे. धरता धरता ईरप्पाने विचारलं, "कोर्टात कुठं हाकायची हिला?"

"वाकड्या फरशीवर," चन्नप्पा म्हणाला. "खरं बोलनाराला सपाट कशाला पायजे?"

उठा आता. मला जायचंय.