धाकट्या जावेच्या रानातून

दोन वर्षं सुभद्राबाईनं येळवस, रानात जाऊन पुजायची ती वेळा अमावस्या, घरच्या ओसरीवर बसून काढली होती. गुडघ्यांनी दगा दिलेला, अन् शेताची वाट सगळी काळ्या चिकण मातीची. बैलसुद्धा तिथं विचार करून पाय टाकायचे. घरातले सगळे रानात कडब्याच्या कोपीपाशी आंबील प्यायचे आणि हिच्या वाट्याला डब्यातली गार, गोळा झालेली शेंगा-भाज्यांची भज्जी यायची. यंदा तिनं आधीच बजावलं होतं, "कोपीतल्या पांडवांना निवद मीच दाखवणार. उचलून न्या, न्हाईतर ओढत न्या."

म्हणून थंडीत सकाळीच अभिमन्यूनं, तिच्या लेकानं, नवी जीप दारात आणली. चारी चाकांना जोर असलेली, वर पुढच्या चाकांना लॉक.

"आई, लॉक टाकला की पुढची दोन्ही चाकं जोडीनंच फिरतेत. एक चिखलात घसरलं तरी दुसरं ओढतंय."

"तुझ्या बापाला अन् मला जन्मात जमलं न्हाई, ते चाकांना जमतंय म्हण की."

सून मनिषा मांडीत आंबिलीचं मडकं धरून मागं बसली. अभिमन्यूनं दारातच लॉक टाकला.

"अहो, चिखल लागल्यावर टाका. वळताना जड जाईल."

"मग घेतलाय कशाला? झाकून ठेवायला?"

गावातून स्टेअरिंगशी कुस्ती खेळतच तो बाहेर पडला. पुढं कुणीतरी गव्हाला सोडलेलं पाणी वाटेवर आलं होतं. जीप मात्र त्यातून म्हशीसारखी निवांत चालली. सुभद्राबाई खूश. लेकाची कानटोपी तिनं केव्हाच आपल्या डोक्यावर चढवली होती, वरून पदर.

विहिरीपाशी वाट डावीकडं वळायची. अभिमन्यूनं स्टेअरिंग पिळलं. जीप सरळच सरकली आणि बांधाला नाक लावून थांबली. लॉक काढला, तर एक चाक जागच्या जागी गरगरलं अन् चिखल काचेवर. पुन्हा टाकला, गाडी हलली, पण सरळच.

सरळ म्हणजे गीताबाईचं रान. गीताबाई ही धाकटी जाऊ. पाण्याच्या पाळीवरून दोघींचं वाजलेलं, आणि तिच्या रानात पाय ठेवणार नाही, असं सुभद्राबाईनं भर गल्लीत सांगितलेलं. रान मोकळं होतं, कोरडं होतं, पलीकडून कडक वाट थेट आपल्या शेतात जात होती.

"माघारी फिरावं का, आत्याबाई?" मनिषानं हळूच विचारलं.

सुभद्राबाईला दूरवर आपली कोप दिसत होती. नव्या कडब्याची, पिवळीधमक. तिनं कानटोपी खाली ओढली. मग म्हणाली, "घाल सरळ."

"काकूच्या रानात?"

"मी कुठं पाय ठेवायले? चाकं ठेवायलीत."

बांध ओलांडून जीप आत आली, तर गीताबाई कमरेवर हात ठेवून वाटेतच उभी.

"कावून अक्का, वाट चुकलात?"

"गाडी वळंना."

"गाडीच ना? मग आज माझ्या कोपीवरून आंबील न पिता कोन जात न्हाई. उतरा."

"उतरले तर परत चढवील कोन?"

"मी काय मेले का?"

गीताबाईनं खांदा पुढं केला. सुभद्राबाईनं त्याच्यावर सगळा भार टाकून पाय खाली ठेवला. दोन पेले आंबील संपवून म्हणाली, "मिरची कमी पडली."

"तुमी येनार म्हनून हात आवरला."

मनिषा एवढी हसली की मडकं हिंदकळलं.

पुढं कडक वाटेवर अभिमन्यूनं कुणी न सांगता लॉक काढला. जीप गुमान वळली. गीताबाईही मागं चढून बसली होती, "यांना बसवायला दोन मानसं लागतेत," म्हणत.

आणि खरंच लागली. आपल्या कोपीशी पोचल्यावर दोघींनी काखेत हात घालून सुभद्राबाईला पांडवांसमोर बसवलं. चुना लावलेल्या पाच दगडांना तिनं हळदकुंकू वाहिलं, स्वतःच्या हातानं निवद दाखवला आणि पाय लांब करून मातीवर तळवे टेकवले.

"चला आई, जेवायला. उठवू का?" अभिमन्यूनं विचारलं.

"हात लावून बघ! ताट हिकडं आन. दिवस मावळंस्तोवर मी हितून हलायची न्हाई."