नऊ फुटांची अर्धी खार

मित्रांनो, मी एक जुना पोशाख आहे आणि खरं सांगायचं तर अर्धाच आहे. डावीकडून पाहाल तर नऊ फुटांची खार, लालभडक डोळा आणि विळ्यासारखे दात. उजवीकडून पाहाल तर गोणपाट, नाड्या आणि सेफ्टी पिना. दुरून डोंगर साजरे म्हणतात, त्यातला मी.

एका भयपटासाठी माझा जन्म झाला. कारखान्याचं विषारी पाणी पिऊन एक खार अक्राळविक्राळ वाढते आणि गावभर धुमाकूळ घालते, अशी ती गोष्ट. जुने केसाळ कोट उसवून एका शिंपिणीने मला शिवलं. डावी बाजू पुरी होते न होते तोच कोट संपले. दिग्दर्शकांना सगळे घाईसाहेब म्हणत. ते म्हणाले, "राहू द्या ताई. खार कायम डावीकडूनच दिसेल. उजवी बाजू कॅमेऱ्याला दाखवायचीच नाही."

माझ्या आत शिरायचा शिंपिणीचा नवरा. लाँड्रीत इस्त्री करणारा उंच, अबोल माणूस. वाफेत दिवस काढायची सवय, म्हणूनच माझ्या आतल्या उकाड्यात तो टिकला. सरावासाठी त्याने मला घरी नेलं आणि तिथेच घोळ झाला. त्यांची पाच वर्षांची मुलगी दुपारची झोपून उठली, तर दारात मी उभा. त्याने घाईने माझं डोकं उतरवलं. खारीच्या मानेतून बापाचा चेहरा वर आलेला पाहून ती पलंगाखाली शिरली.

त्या दिवसापासून ती त्याच्या हातून घास घेईना. आई समजवायला गेली, तर म्हणाली, "ते बाबा नाहीत. बाबांना खारीने खाल्लंय. आता ती बाबांसारखं तोंड करते."

हसू नका, मित्रांनो. तो माणूस माझ्या आत बसून रडलेला मला ठाऊक आहे. माझं अस्तर ओलं व्हायचं, सगळेजण म्हणायचे घाम.

शेवटच्या दिवशी बाजारपेठेत चित्रीकरण होतं. रीळ एकच उरलं होतं. लोकांनी आरडाओरड करत पळायचं, मी मागे धावायचं आणि बंदुकीच्या गोळीने मरायचं, असं ठरलं होतं. शिंपीण लेकीला कडेवर घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी होती. मी कोपऱ्यावरून वळलो आणि पोरीने अशी किंकाळी फोडली की पळणारेसुद्धा थबकले.

माझ्या आतला बाप थांबला. इतके दिवस जिवापाड पाळलेला नियम मोडून त्याने उजवी बाजू फिरवली, थेट तिच्याकडे, आणि गुडघ्यांवर बसला. नाड्यांच्या फटींतून त्याचा बनियन दिसत होता.

पोर टक लावून पाहत राहिली. मग आईच्या कडेवरून उतरली आणि जवळ येऊन तिने हळूच विचारलं, "बाबा, तू आत आहेस?"

"आहे ना."

"दुखतंय?"

"नाही गं. उकडतंय नुसतं."

"थांब, मी काढते तुला."

तिने माझी पहिली नाडी सोडली. मग दुसरी. गाठी घट्ट होत्या, तिने दात लावले. कॅमेरावाल्याने विचारलं, "साहेब, बंद करू?" जन्मात पहिल्यांदाच घाईसाहेबांना घाई नव्हती. ते म्हणाले, "चालू दे."

चित्रपटाचा शेवट तोच ठेवला. गोळीबिळी काही नाही, एक चिमुरडी खारीच्या पोटातून बापाला सोडवते. तोवर खो खो हसणारे प्रेक्षक तिथे गप्प व्हायचे. श्रेयनामावलीत इस्त्रीवाल्याचं नाव नव्हतं. त्याला त्याचं काही नव्हतं, लेक पुन्हा त्याच्याच हातून जेवत होती.

पुढे मी माळ्यावर गेलो आणि सगळ्यांच्या विस्मरणातही. कसर लागली, शेपूट झडलं. आम्हा जुन्या कपड्यांना अधूनमधून ऊन दाखवत जा, मित्रांनो, आमचं मागणं फार नसतं.

गेल्या वर्षी इस्त्रीवाला वारला. घर आवरताना कुणीतरी मला खाली ओढलं. "ही चिंध्यांची रास द्या फेकून." लेक आता मोठी बाई झाली आहे. तिने मला त्या माणसाच्या हातातून घेतलं, गच्चीवर नेलं आणि उन्हात पसरलं. मग ती शेजारी बसली आणि तिने माझ्या आत खांद्यापर्यंत हात घातला. आत कुणी नव्हतं. तरी तिने बराच वेळ हात बाहेर काढला नाही.