चार नंबरवरचा डबा

कवडू अडतीस वर्षं रेल्वेत पॉइंट्समन होते. गाडी येण्याआधी रुळांचे काटे बदलायचे, मालधक्क्यावर डबे जोडायचे नि सोडायचे, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली आणि त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. आधी शेजारी विसरले, मग जावई. एके दिवशी बायकोलाच, कमलाबाईंना, म्हणाले, "बाई, मास्तर जेवायले गेले. बाकावर बसा." वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत आणणारं औषध नाही; त्यांचं मन रमेल अशा कामात गुंतवून ठेवा.

थोरली मुलगी पौर्णिमा सेलूच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायची आणि आईवडिलांजवळच राहायची. वर्धा–नागपूर मार्गावरच्या लहानशा स्टेशनाचं गाव. घर रुळांपासून सात-आठ मिनिटांवर. तिला मॉडेल रेल्वेचा नाद होता. पुढच्या खोलीत प्लायच्या मोठ्या टेबलावर तिनं खऱ्याच्या सत्याऐंशी पट लहान अशी मेन लाइन घातली होती. तिच्यावर इंजिन गोल गोल फिरायचं, एवढंच. डॉक्टरांचं ऐकून आल्यावर तिनं ठरवलं, मधल्या रिकाम्या जागेत मालधक्का बांधायचा. गावच्या स्टेशनचाच, बाबांनी आयुष्य घातलं तोच. खरा मालधक्का बंद होऊन बारा वर्षं झाली होती. तिथले रूळसुद्धा उचलून नेले होते. बाभळी माजल्या होत्या.

तिनं बाबांच्या हातात खडू दिला. त्यांनी टेबलाला एक चक्कर मारली आणि न थांबता पाच लाइनी आखल्या. कुठली कुठे फुटते, कुठे संपते, धक्का कुठल्या बाजूला, वजनकाटा कुठे, सगळं. सकाळी जेवलो की नाही हे त्यांना आठवत नसे, पण दोन नंबरवर किती डबे मावतात हे विचारायच्या आत सांगत.

हिवाळाभर काम चाललं. क्रशरवरून आणलेली बारीक गिट्टी पौर्णिमा चहाच्या गाळणीतून चाळायची, रुळांमध्ये पसरायची आणि सिरिंजनं पातळ फेव्हिकॉल सोडायची. स्पंजचे तुकडे गोणपाटात गुंडाळून तिनं कापसाच्या गाठी केल्या. कवडूंनी स्वतःसाठी एक काम घेतलं होतं. आगकाडी चिरून ते इवल्याशा पाचरी करत आणि उभ्या असलेल्या प्रत्येक डब्याच्या चाकाखाली एकेक सारत. पाचरीशिवाय डबा उभा दिसला की त्यांचा चेहरा उतरायचा. पौर्णिमाला ते आता 'मुकेश' म्हणत. मुकेश त्यांचा जोडीदार, वारला त्याला पाच वर्षं झालेली. तिला पहिल्यांदा वाईट वाटलं. मग तिनं मुकेशचं नाव चालवून घेतलं, कारण मुकेशशी ते बोलत तरी होते.

एप्रिलमध्ये कूलर सुरू झाला आणि त्याच्या ओलीनं प्लाय एका बाजूला वाकला. फार नाही, पण चार नंबरच्या लाइनीला मेन लाइनीकडे उतार आला. पाचर नसली की डबा आपोआप हलायचा, काट्यावरून जायचा आणि मेन लाइनीवर उभा राहायचा. हे पौर्णिमाच्या लक्षात आलं होतं. पायाखाली पट्टी घालून टेबल सारखं करायचं, असं तिनं दोन रविवार पुढे ढकललं.

तिसऱ्या रविवारी कमलाबाई सकाळीच केळझरला नामकरणाला गेल्या होत्या. साडेदहाच्या सुमारास फेव्हिकॉल संपला. बाबा टेबलाशी बसून डबे लावत होते. पौर्णिमानं दार ओढून घेतलं, बाहेरून कडी लावली नाही. दुकान कोपऱ्यावरच होतं.

ती परत आली तेव्हा दार सताड उघडं होतं.

न्हाणीघर पाहिलं, मागचं अंगण पाहिलं, गच्ची पाहिली. हाक मारली. पलीकडच्या धुरपताबाई अंगणात गहू वाळवत होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या की बाबा आत्ताच इथून गेले. पळतच होते, पायात चप्पल नव्हती. धुरपताबाईंनी आवाज दिला, पण ते थांबले नाहीत. हातात काय तरी लाल होतं.

आता पौर्णिमानं जायचं कुठे? बाजाराकडे, विहाराकडे, की जुन्या क्वार्टरकडे? स्कूटीची किल्ली घ्यायला ती खोलीत शिरली आणि तिची नजर टेबलावर गेली. चार नंबरची लाइन रिकामी होती. तिथला डबा घसरून, काटा ओलांडून मेन लाइनीवर येऊन उभा होता. पाचर बाजूला पडली होती. खुर्ची उलटी झालेली होती आणि टेबलावरचं लाल कापड, रात्री झाकायचं, गायब होतं.

मग तिला कळलं. यार्डात काम करणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त कशाची भीती असते, ते त्यांनीच तिला सांगितलं होतं. सुटलेला डबा. मागे इंजिन नाही, आत माणूस नाही, ब्रेक नाही, आणि समोरून गाडी येत असते. तो डबा त्यांच्या डोळ्यांदेखत सुटला होता. ते त्याला अडवायला गेले होते, खऱ्या रुळांवर.

स्कूटी तिनं कशी चालवली ते तिला नंतर आठवलं नाही. रेल्वे फाटक बंद होतं. म्हणजे गाडी येत होती. तिनं स्कूटी तिथेच आडवी टाकली आणि रुळांच्या कडेनं पळत सुटली. पायाखाली गिट्टी सरकत होती, दोनदा ती गुडघ्यावर पडली. डाव्या हाताला जुना धक्का लागला, त्याच्या तुटक्या कुंपणातून बाभळी बाहेर आलेल्या. आणि त्याच्या पुढे, चार नंबरची लाइन पूर्वी जिथे मेन लाइनीला मिळायची त्या जागी, बाबा उभे होते. दोन रुळांच्या मधोमध. लाल कापड दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेलं.

पलीकडच्या वळणावर मालगाडीचं इंजिन दिसलं.

तिनं बाबांचा दंड धरून ओढलं. ते हलले नाहीत. सत्तरीच्या त्या देहात एवढी ताकद असेल, असं तिला वाटलं नव्हतं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. तेही घाबरलेले होते, तिच्याहून जास्त. आणि तरी ते गाडीसमोरून हटत नव्हते.

"बाबा, चला न. मी पौर्णिमा आहो. गाडी येऊन राह्यली, बाबा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. इंजिनानं भोंगा दिला, लांबलचक, मग पुन्हा, मग थांबेचना. चालकानं ब्रेक लावले असणार, कारण रुळांतून किरकिर ऐकू येऊ लागली, पण एवढी मोठी गाडी काय लगेच थांबते? पायाखालची जमीन थरथरायला लागली. तिनं कमरेला मिठी मारून पुन्हा ओढलं. त्यांनी कोपरानं तिला दूर लोटलं.

"डबा सुटला, मुकेश," ते म्हणाले. "चार नंबरचा. मेनवर आला."

पौर्णिमानं त्यांचा हात सोडला. ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, गाडीकडे पाठ करून. भोंग्याच्या वर आवाज चढवून ती म्हणाली.

"अडवला, कवडूभाऊ. म्या अडवला डबा. पाचर लावली."

त्यांनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"दोन्ही चाकाले?"

"दोन्ही चाकाले."

"साखळी घातली? कुलूप?"

"घातली. लाइन साफ हाये. तुमी बाजूले व्हा, गाडी जाऊ द्या."

त्यांनी चार नंबरच्या बाजूला पाहिलं. मग त्यांनी लाल कापड खाली घेतलं, नीट गुंडाळून काखेत धरलं, आणि नियमाप्रमाणे रूळ ओलांडून धक्क्याच्या बाजूला गेले. ती त्यांच्यामागोमाग उडी मारून बाहेर पडली. गाडीचा वारा अंगावर आला. कोळशाचे डबे एकामागून एक, किंचाळत, धुळीचा लोट उडवत जात राहिले, आणि शेवटी सगळी गाडी थांबली. कवडू ताठ उभे होते. डबे जाताना त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

मग ते गिट्टीवर बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले. आपण इथे कशाला आलो, हे त्यांना आठवत नव्हतं. समोरची बाई कोण, तेही कळत नव्हतं. तळपायांतून रक्त येत होतं. तीही त्यांच्याजवळ बसली.

इंजिनाचा चालक उतरून आला. तो तरुणच होता, घामानं डबडबलेला. तो ओरडणार होता, पण म्हाताऱ्याकडे पाहून त्यानं फक्त पाण्याची बाटली पुढे केली. स्टेशनवर पोलिसांनी जबाब घेतला आणि पौर्णिमाला बरंच ऐकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

संध्याकाळी कमलाबाई आल्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी पौर्णिमाला आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. पौर्णिमा दोन वर्षांची असताना खरंच एक डबा सुटला होता. कवडूंनी पळत जाऊन चाकाखाली पाचर टाकली, डबा मेन लाइनीच्या तोंडाशी थांबला, आणि तीन मिनिटांनी पॅसेंजर गेली. पाचर लावायची त्यांचीच राहिली होती. कुणाला कळलं नाही. त्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता.

"म्हंजे चाळीस वर्षं तो डबा सुटूनच राह्यला त्यांच्यासाठी," कमलाबाई म्हणाल्या.

पौर्णिमाला टेबल मोडून टाकायचं होतं. कमलाबाईंनी ते होऊ दिलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की यार्ड काढलंस तर हा माणूस दिवसभर भिंतीकडे पाहत बसेल. मग दुसऱ्या दिवशी पौर्णिमानं रजा टाकली. टेबलाच्या पायाखाली पट्ट्या घालून ते पातळीत आणलं. दाराला वरच्या बाजूला कडी बसवली. आणि करवत घेऊन मेन लाइन कापून काढली, पूर्ण. पाचही लाइनींच्या दोन्ही टोकांना अडसर बसवले. आता डबा सुटला तरी कुठे जाणार नव्हता.

कवडू टेबलाशी आले तेव्हा ती दाराशी उभी राहिली. त्यांनी काठावरून बोट फिरवलं आणि रूळ नसलेल्या जागी थांबवलं.

"मुकेश, मेन लाइन कुठं गेली?"

"ब्लॉक घेतला, भाऊ. दुरुस्ती चालू हाये, गाड्या बंद हायेत."

"किती दिवस?"

"लंबा ब्लॉक हाये."

त्यांनी मान हलवली, खुर्ची ओढली आणि आगकाडी चिरायला घेतली. पौर्णिमा मात्र त्या उन्हाळ्यात रोज दुपारच्या सुट्टीत सेलूहून घरी येत राहिली. गल्लीच्या तोंडाशी आली की आधी दाराकडे पाहायची, आणि ते बंद दिसलं की मगच स्कूटी पुढे घ्यायची.