निकाल लावणे

राज्यांची फेररचना झाली आणि नागपूरच्या कचेरीबरोबर नीळकंठरावही भोपाळला आले. नवी सरकारी क्वार्टर मिळाली, पण तिच्यात दिवा लावायला पत्नी रत्नप्रभा नव्हती. बदलीच्या आधीच्या उन्हाळ्यातच ती तापाने गेली. आता घरात ते आणि कॉलेजात जाणारा उदय, एवढीच माणसं.

तेव्हापासून नीळकंठरावांना सगळ्यांचाच संशय येई. दूधवाला पाणी घालतो, शेजारी कान देऊन ऐकतात, आणि या परक्या गावातला जो तो आपला एकुलता एक मुलगा हिरावून न्यायला टपलाय! त्यात उदय रोज संध्याकाळी जुन्या शहरात महबूब उस्तादांच्या आखाड्यात जाऊ लागला.

"बाबा, धोबीपछाड बघायला झकास, पण मला ढाक पसंत. कमरेवर घेतला की माणूस उडालाच! आणि उस्तादांचा आवडता डाव..."

"जेवताना मातीच्या गोष्टी नकोत. फुकट शिकवतो म्हणे. का? हेतू काय त्याचा?"

उदय ताट उचलून आत गेला.

शेजारच्या सिंधूताई पिढीजात भोपाळकर. त्या म्हणाल्या, "भाऊ, एकदा जाऊन बघून या की. संशय घरी बसूनच वाढतो."

"तुम्हाला नाही कळायचं, सिंधूताई. मुलगा माझा आहे."

ते गेले नाहीत. उलट उदयबरोबर आखाड्यात जाणाऱ्या, गल्लीतल्याच विजयच्या आणि विश्वासच्या वडिलांना त्यांनी बजावलं, "त्या आखाड्यात पोरं पाठवू नका. माणूस बरा नाही." दोन्ही पोरांचं जाणं बंद झालं.

तरी चैन पडेना. एका संध्याकाळी ते गुपचूप उदयच्या मागोमाग गेले आणि आखाड्याच्या भिंतीबाहेर उभे राहिले. आतून भोपाळी बोलीत जाड आवाज आला, "को खां, देखते क्या हो? उदय पे निकाल लगाओ! आज छोड़ना मत!"

निकाल लावा! नीळकंठराव धावत आत शिरले आणि थेट लाल मातीत उतरले.

"खून! मेरे लड़के का खून करता है!"

सगळे जागच्या जागी थिजले. उदय समोर धडधाकट उभा होता. जोडीदाराने मागून त्याची कंबर धरली होती, एवढंच.

"बाबा, चपला!" उदय ओरडला. "मातीत चपला घालून आलात!"

"अरे, हा तुझा निकाल लावायला सांगत होता! मी या कानांनी ऐकलं!"

"निकाल हा डाव आहे, बाबा! हाताखालून निसटायचं, पाठीमागे जायचं आणि पाडायचं. उस्तादांचा आवडता डाव. तुम्ही कधी ऐकून घेतलंत?"

मराठीत निकाल लावणे म्हणजे काय, ते उदयने मान खाली घालून उस्तादांना सांगितलं. आखाड्यात हशा पिकला. उस्ताद मात्र हसले नाहीत.

"हंसो मत, खां. बाप है, दौड़ेगा ही." मग ते नीळकंठरावांकडे वळले. "बस एक बात बताइए, साहब. आपके मोहल्ले के दो लड़कों ने आना क्यों छोड़ा? मैं तो समझा, मेरे सिखाने में कोई कसूर हुआ."

अरेरे! ज्याच्यावर आपण आळ घेतला, तो स्वतःचीच चूक शोधत बसला होता! नीळकंठरावांनी चपला काढून बाहेर ठेवल्या, माती कपाळाला लावली आणि अडखळत म्हणाले, "कसूर मेरा है. मैंने रोका उनको."

दुसऱ्या दिवशी ते दोघांच्या घरी गेले. विजयच्या वडिलांनी ऐकलं आणि मुलाला पाठवलं. विश्वासचे वडील मात्र दारातूनच म्हणाले, "काल वाईट, आज चांगला? तुम्हीच म्हणाला होतात ना? काहीतरी असल्याशिवाय माणूस बोलत नाही."

"काही नव्हतं हो! माझं भय होतं, दुसरं काही नाही."

दार लागलं. नीळकंठराव पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही. विश्वास अजून आखाड्यात आलेला नाही.

बंधूंनो, भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी जण आज नव्या गावात, नव्या बोलीत राहायला आले आहेत. एखादा शब्द कानाला खटकला, तर आधी विचारा. विचारायला एक क्षण पुरतो. पेरलेला संशय उपटायला मात्र दारोदार फिरावं लागतं, आणि काही दारं तरीही उघडत नाहीत.